ब्लॅक फॉरेस्टचा उंच रस्ता कॅम्परव्हॅनने: ६० किलोमीटरला चार दिवस कसे लावायचे

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाणारा एक रस्ता आहे, बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट, नंबर बी ५००, जर्मन लोक त्याला श्वार्झवाल्ड-होखश्ट्रासं म्हणतात म्हणजे सरळ सरळ ब्लॅक फॉरेस्टचा उंच रस्ता. सगळा मिळून साधारण ६० किलोमीटर. कारने दीड तासात संपतो आणि बहुतेक लोक तसाच संपवतात, मुमेलझे तलावापाशी अर्धा तास थांबायचं, केक, फोटो, गर्दीत पार्किंग शोधताना नवरा-बायकोचं एक भांडण, आणि खाली. आम्ही पण पहिल्या वर्षी हेच केलं आणि घरी येऊन म्हणालो, हं, झाडं छान आहेत.

दुसऱ्यांदा भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन गेलो, बरोबर सासूबाई होत्या साताऱ्याहून आलेल्या, आणि त्याच ६० किलोमीटरला चार दिवस लावले. तेव्हा कळलं की इथलं जे काही बघायचं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर आहे. बस आणि बाईकवाले गेले की तलाव एकदम शांत होतो, धुकं झाडांतून खाली उतरतं, आणि तुम्ही तिथेच जवळपास असता कारण घर बरोबर आहे. कॅम्परव्हॅन घ्यायची ती यासाठी, जास्त किलोमीटर मारण्यासाठी नाही. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते आणि प्रत्येकजण चार दिवसांत ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड आणि येताना थोडं फ्रान्स असा प्लॅन घेऊन येतो. असो. श्टुटगार्ट आणि आसपास मराठी माणसं आता भरपूर आहेत (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, हे इथल्या बऱ्याच मराठी लोकांनाही माहीत नसतं), आई-बाबा उन्हाळ्यात येतात आणि त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी गाडी. दोन प्रकार डोक्यात ठेवा. एक छोटी, वर उघडणाऱ्या तंबूसारख्या छताची, उंची दोन मीटरच्या आसपास, चालवायला जवळजवळ कारच, पण टॉयलेट बहुतेक वेळा नसतं. दुसरी म्हणजे डिलिव्हरी व्हॅनच्या बॉडीत बनवलेली, सहा मीटरच्या आसपास लांब, अडीच मीटरपेक्षा उंच, आत टॉयलेट, शॉवर, हीटर, दोन शेगड्या. घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर दुसरीच घ्या, रात्री दोन वाजता पावसात टॉर्च घेऊन कॅम्पसाइटच्या टॉयलेटला जायची हौस पासष्टीनंतर कुणाला नसते. किती जण झोपू शकतात ते बघताना किती सीटबेल्ट आहेत ते पण बघा, चार जण झोपतात पण बेल्ट तीनच असंही असतं.

इथलं साधं बी लायसन्स साडेतीन टनापर्यंत चालतं आणि या व्हॅन त्यातच बसतात. भारतातून फिरायला आलेले असाल तर भारतीय लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल परमिट आणा. इथे राहायला आला असाल तर भारतीय लायसन्स फक्त पहिले सहा महिने. आणि साडेतीन टन ही गंमत नाही बरं का, रिकामी गाडीच तीन टनाच्या आसपास असते, पाण्याची टाकी १०० लिटर म्हणजे १०० किलो, चार माणसं, बॅगा, आणि आपला तांदूळ-डाळ-कुकर-पोळपाट, कधी भरलं कळत नाही. पाणी अर्धी टाकीच भरून निघा, वाटेत मिळतं.

गाडी ताब्यात घेताना तो माणूस वीस मिनिटांत भराभर सगळं सांगतो आणि तुम्ही मान हलवता. मान हलवू नका, फोनवर व्हिडिओ काढा. पाणी कुठून भरायचं, वापरलेलं पाणी कुठून सोडायचं, टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) कशी निघते, गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे, हीटर कसा चालू होतो, विजेची निळी वायर कुठे ठेवलीय. आणि गाडीचे आधीचे ओरखडे पण त्याच व्हिडिओत, डिपॉझिट हजार युरोच्या वर असतं बऱ्याच ठिकाणी. निघण्याआधी एक फेरी रोज मारायचीच: छताच्या खिडक्या बंद, कपाटांची बटणं दाबलेली, फ्रिजचं दार लॉक, पायरी आत, वायर काढलेली, गॅस बंद. मी एकदा एक कपाट विसरले, पहिल्याच वळणावर गोडा मसाल्याचा डबा सासूबाईंच्या मांडीत. त्या म्हणाल्या, अगं चला, आता गाडीला घरचा वास तरी आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झोपायचं कुठे. इथेच लोक चुकतात कारण यूट्यूबवर सगळे कड्याच्या टोकाला दार उघडून कॉफी पिताना दिसतात. जर्मनीत रस्त्याकडेला किंवा साध्या पार्किंगमध्ये, जिथे मनाईचा बोर्ड नाही तिथे, ड्रायव्हर दमलाय म्हणून एक रात्र झोपून पुढे जाणं चालतं. पण ते झोपणं म्हणजे फक्त झोपणं. खुर्च्या बाहेर काढल्या, बाजूचं कापडी छत ओढलं, टेबल मांडलं की ते कॅम्पिंग झालं आणि दंड. आणि या रस्त्याचा बराच भाग २०१४ साली झालेल्या नॅशनल पार्कला लागून किंवा त्यातून जातो, तिथे नियम आणखी कडक, तंबू नाही, शेकोटी नाही, पायवाट सोडायची नाही. पार्किंगवर काय बोर्ड आहे ते नीट वाचा, जर्मन येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, समोरच्या तीन गाड्या उभ्या आहेत म्हणून आपण उभं राहायचं हे इथे करू नका.

बरोबर पर्याय दोन. एक श्टेलप्लात्झ, म्हणजे गावाने किंवा एखाद्या शेतकऱ्याने कॅम्परसाठी ठेवलेली जागा, रात्रीचे साधारण दहा ते वीस युरो, बऱ्याच ठिकाणी पाणी भरायची-सोडायची सोय आणि वीज, बुकिंग नसतं, आधी येईल त्याची. दुसरी कॅम्पसाइट, महाग पण गरम पाण्याचे शॉवर, मुलांना खेळायला जागा, बाहेर टेबल मांडून निवांत बसता येतं. मी एक रात्र इथे एक रात्र तिथे करते. कॅम्पसाइटवर एक लक्षात ठेवा, दुपारी एक ते तीन बऱ्याच ठिकाणी शांततेची वेळ असते आणि गेटच बंद असतं, तेव्हा पोचलात तर बाहेर उभे. आपल्याकडे दुपारची झोप फक्त पुण्याची म्हणून जोक करतात, इथे ती नियमात लिहिलेली आहे. रात्री दहानंतर पण आवाज बंद.

प्लॅन करताना म्हणून आधी नकाशावर तीन रात्रींच्या जागा ठरवा आणि मग दिवस त्यांच्यामध्ये बसवा. उलटं केलं तर संध्याकाळी सात वाजता, सगळे भुकेले, चौथा श्टेलप्लात्झ पण फुल, असं होतं. शुक्रवारी आणि सुट्टीच्या आठवड्यात चारच्या आत जागा धरा. बुधवारी निघालात तर हा प्रश्नच येत नाही.

टॉयलेटबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. कॅसेट चार माणसांत दोन दिवसांत भरते. ती फक्त ठरलेल्या जागी ओतायची, श्टेलप्लात्झवर किंवा कॅम्पसाइटवर खूण असते. जंगलात नाही, पार्किंगच्या टॉयलेटमध्ये नाही, पावसाच्या गटारात तर अजिबात नाही. हातमोजे घ्या, सकाळी सकाळी करून टाका, घरातल्या एकाच माणसाला कायमचं ते काम देऊ नका. जंगलात दिवसभर असताना तिथली सार्वजनिक टॉयलेट वापरली तर कॅसेट एक दिवस जास्त पुरते.

रस्ता. बाडेन-बाडेनहून सुरुवात करा, खाली गेरोल्डसाउ नावाच्या वस्तीजवळ एक छोटा धबधबा आहे, सपाट वाट, पाय मोकळे करायला मस्त. मग चढ सुरू होतो आणि हळूहळू बाजूला स्प्रूस आणि फरची गर्दी. दिवसा पण आत अंधार, नाव का पडलं ते कळतं. पण हे मूळ जंगल नाही हं, काही शतकं इथली लाकडं नद्यांमधून तराफे करून थेट हॉलंडपर्यंत जायची, डोंगर बोडके झाले होते, मग एकोणिसाव्या शतकात भराभर वाढणारा स्प्रूस लावला. तोच आता वादळात पडतो आणि बार्क बीटलच्या किड्याने वाळतो. मधेमधे उभी करडी सुकलेली झाडं दिसली तर ती त्यामुळे.

मुमेलझे १०३६ मीटरवर. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेला गोल खड्डा, पाण्याचा रंग चहाच्या चोथ्यासारखा काळपट. दुपारी इथे जाऊ नका, मी खरंच सांगते, बस लागलेल्या असतात आणि काचेच्या बाटल्यांतल्या दारूपासून कुकू क्लॉकपर्यंत सगळं विकायला. सकाळी साडेसातला जा. तलावाभोवतीची वाट पाऊण-एक किलोमीटरची, आजी-आजोबा आरामात करतात. ज्यांना दम आहे त्यांनी तिथूनच वर हॉर्निसग्रिंडे गाठायचं, ११६४ मीटर, उत्तर ब्लॅक फॉरेस्टमधला सगळ्यात उंच माथा, चढ सव्वाशे मीटरच्या आसपास म्हणजे आपल्या पर्वतीपेक्षा जास्त. वर झाडं संपतात आणि दलदलीचं, गवताचं पठार लागतं, लाकडी फळ्यांची वाट टाकलीय, तीवरूनच चालायचं. ग्रिंडे म्हणजे तिकडच्या बोलीत टक्कल. पश्चिमेला खाली ऱ्हाईनची दरी, पलीकडे फ्रान्समधले वोझ डोंगर. सासूबाई वर येऊन वाऱ्यात पदर सावरत म्हणाल्या, हे तर कास पठारच की गं, फक्त फुलं विसरले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक वेगळाच प्रकार होतो, खाली दरीत थंड हवा आणि धुकं अडकून राहतं आणि वर कडक ऊन. खालच्या गावात लोक तीन दिवस सूर्य बघत नाहीत आणि वर तुम्ही टी-शर्टवर, पायाखाली पांढरा समुद्र. वेबकॅम असतात, सकाळी बघून ठरवायचं.

पुढे रूहश्टाइन, तिथे नॅशनल पार्कचं मोठं लाकडी सेंटर आहे, पावसाचा दिवस असेल तर मुलांना घेऊन तिथेच. तिथून विल्डझे नावाच्या तलावाकडे वाट जाते, वरून बघायला सोपी आणि तलावापर्यंत उतरायला तीव्र, दगड आणि मुळं, ओल्यात घसरतात. तलावाभोवतीचं जंगल १९११ पासून कुणी तोडलेलं नाही, झाड पडलं तर पडलेलंच. या तलावाच्या वरच्या कड्यावर यूलियुस ऑयटिंग नावाच्या प्राच्यविद्या अभ्यासकाची कबर आहे, अरबस्तानात उंटावरून फिरलेला माणूस, आणि त्याच्या वाढदिवसाला, ११ जुलैला, तिथे येणाऱ्यांना मोका कॉफी द्यायची प्रथा आहे. मला ही गोष्ट त्या तलावापेक्षा जास्त आवडली.

मग लोथार ट्रेल. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार नावाचं वादळ आलं, काही तासांत डोंगरच्या डोंगर आडवे. या एका तुकड्यावर ठरवलं की काही आवरायचंच नाही, काय उगवतं ते बघायचं, आणि पडलेल्या ओंडक्यांवरून शिड्या, पूल, पायऱ्या टाकून ८०० मीटरची वाट केली. पाऊण तास लागतो, मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं, तिकीट नाही. पंचवीस वर्षांत मधे जे दाट रान वाढलंय ते बघून कळतं की जंगलाला आपली किती कमी गरज आहे. गुडघे दुखत असतील तर हे टाळा, पायऱ्या उंच आहेत, आमच्या सासूबाई व्हॅनमध्ये भाजी निवडत बसल्या आणि एका जर्मन आजींशी खुणांनी गप्पा मारल्या.

खाली ओपेनाउच्या बाजूला आलरहायलिगन म्हणून जुन्या मठाचे अवशेष आणि त्याच्या खाली सात टप्प्यांत कोसळणारे धबधबे. पायऱ्या आहेत, उतरताना मजा, परत चढताना घाम. पाऊस पडून गेल्यावर जा.

पायवाटांच्या खुणा एकदा समजून घ्या म्हणजे अॅप बंद पडलं तरी हरवणार नाही. झाडावर पिवळा चौकट म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, ती गावातली जवळची वाट, निळी म्हणजे लांबची, आणि लाल म्हणजे वेस्टवेग, फोर्झहाइमपासून बाझेलपर्यंत २८५ किलोमीटर, १९०० साली आखलेली. हॉर्निसग्रिंडेवर तुम्ही थोडा वेळ त्याच लाल चौकटवर चालता. हे सगळं श्वार्झवाल्ड फेराइन नावाची १८६४ पासूनची संस्था सांभाळते, सदस्य स्वतः रंगाचा डबा घेऊन फिरतात.

एक ट्रिक. बऱ्याच गावांत राहण्याचा जो टुरिस्ट टॅक्स घेतात त्याच्या बदल्यात गेस्ट कार्ड मिळतं, त्यावर कोनुस लिहिलेलं असेल तर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट. व्हॅन जागेवर ठेवा, एका गावातून दुसऱ्या गावात चाला आणि बसने परत या. पार्किंगचा त्रासच नाही. श्टेलप्लात्झवर पण मिळतं काही ठिकाणी, विचारा.

गोचिडी. हे हसण्यावारी नेऊ नका. बाडेन-व्युर्टेंबर्ग, म्हणजे हे सगळं राज्य, गोचिडींमुळे (टिक्स) मेंदूला सूज येणाऱ्या आजाराचा रिस्क एरिया आहे, त्याची लस मिळते, इथे राहत असाल तर घेऊन टाका, तीन डोस असतात म्हणून महिने आधी सुरू करावं लागतं. लाइम नावाचा दुसरा आजार आहे त्यावर लस नाही, त्यामुळे फुल पँट, मोजे वर, आणि संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघायचं. चिमटा किंवा गोचीड काढायचं टिक कार्ड व्हॅनमध्ये ठेवा, सरळ ओढून काढायची, तेल-बिल लावायचं नाही. नंतर काही दिवसांत तिथे लाल गोल वाढत गेला तर डॉक्टर. जुलै-ऑगस्टमध्ये झुडपांत रानटी ब्लूबेरी लागतात, आपल्या करवंदांसारखी बोटं जांभळी होतात, पण नॅशनल पार्कमध्ये तोडण्याआधी तिथला नियम बघा, आणि कुठेही तोडलीत तरी धुऊनच खा.

चालवण्याबद्दल थोडंच. चढ काही नाही, उतार खरा. मुमेलझेवरून झासबाखवाल्डनमार्गे ऱ्हाईनच्या दरीत उतरताना नऊशेच्या आसपास मीटर खाली येता आणि तीन टनाची गाडी मागून ढकलत असते. ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या. वरंध किंवा आंबेनळी घाटात ट्रकवाले जसे गुरगुरत उतरतात तसंच. शनिवार-रविवारी बाईकवाले वळणावर आत घुसतात, मागे रांग लागली की पुढच्या पार्किंगमध्ये शिरून सगळ्यांना जाऊ द्या. जीपीएसमध्ये गाडीची उंची-लांबी टाका. मे महिन्यात पण वर रात्री चार-पाच डिग्री होतात, हीटर चेक करून घ्या. मार्चपर्यंत, कधी एप्रिलमध्येही बर्फ असतो आणि बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत. नवख्यांनी मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर.

जेवण. रविवारी दुकानं बंद, हे इथे राहणारे पण विसरतात, शनिवारीच दूध-ब्रेड-दही भरा. व्हॅनमध्ये फोडणी घालू नका, गाद्या आणि पडद्यांना तो वास महिनाभर राहतो आणि परत देताना सफाईचे पैसे कापले जातात. फोडणी कॅम्पसाइटवर, बाहेर, छोट्या शेगडीवर. आत फक्त चहा, मॅगी, आणि घरून भाजून नेलेलं पिठलं-उपमा-पोह्यांचं सुकं मिश्रण, गरम पाणी घातलं की झालं. आत काहीही शिजवताना छताची खिडकी उघडी, आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून बसायचं नाही, जीव जातो. बाहेर खायचं तर शाकाहारी लोकांनी केझे-श्पेट्झले मागवा, चीजमधले ओबडधोबड नूडल्स, पण ओने श्पेक म्हणजे बेकन नको असं आधीच सांगा, काही ठिकाणी वरून टाकतात. बिबेलेस-केझ नावाचा प्रकार आहे, चक्क्यासारखं दही आणि कांद्याची पात, बरोबर उकडलेले बटाटे. आमच्याकडे एकमताने पास. आणि तो जगप्रसिद्ध ब्लॅक फॉरेस्ट केक, खऱ्या जागी त्यात चेरीची दारू चांगलीच असते. पुण्यातल्या बेकरीतला समजून मुलांना आणि उपासवाल्या आजींना देऊ नका, आमच्याकडे दिला गेला. आजींनी काही न बोलता दुसरा घास घेतला, ती गोष्ट वेगळी.

पाच-सहा दिवस असतील तर खाली दक्षिणेला जा, फेल्डबर्ग १४९३ मीटर, टिटिझे आणि श्लूखझे तलाव, कांडेल डोंगरावरून सांक्ट पेटर गावाकडे जाणारा रस्ता तर उत्तरेपेक्षाही मोकळा, कुरणं आणि मोठ्या उतरत्या छपरांची घरं. वाटेत फुर्टवांगनजवळ ब्रेग नदीचा उगम आहे, ते पाणी पुढे डॅन्यूब होऊन काळा समुद्र गाठतं आणि डोंगराच्या अलीकडचा पाऊस ऱ्हाईनमधून उत्तर समुद्रात. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते ते शाळेत शिकलेलं सासूबाईंना आठवलं आणि त्यांनी नातवाला तिथेच उभं करून भूगोलाचा तास घेतला.

परत द्यायच्या दिवशी दोन तास हातात ठेवा. टाक्या रिकाम्या, कॅसेट धुतलेली, डिझेल फुल, आतून झाडलेली. स्प्रूसच्या सुया सगळ्यात जास्त दाराच्या खाचेत आणि गादीच्या शिवणीत अडकतात, छोटा ब्रश घरूनच न्या. कॅसेट भरलेली दिली तर शंभरेक युरो जातात, आणि ते भरण्यापेक्षा नवरा धुतो.